जाळ्याच्या अंतरावरची चाळिशी

मालवणच्या किनाऱ्यावर १ जूनला पावसाळी मासेमारी बंदी लागते, होड्या वर ओढल्या जातात आणि जाळी दुरुस्त करण्याचे दिवस येतात. फाटलेला भाग मांडीवर ओढून घ्यायचा, तुटके दोरे कापून टाकायचे, मग सुईवर गुंडाळलेला दोरा एका आसातून, म्हणजे जाळ्याच्या चौकटीतून, दुसऱ्या आसात नेत गाठ मारायची. गाठ सरकली की आस मोठा होतो आणि मोठ्या आसातून मासळी निसटते. त्यातही आजचे एकेरी तंतूचे बारीक नायलॉनचे जाळे माशाला दिसू नये म्हणून पारदर्शकच केलेले असते. माशाला चकवणारा हा दोरा दुरुस्त करणाऱ्यालाही चकवतो. पंचेचाळिशीतला माणूस जाळे लांब धरतो, उजेडाकडे तोंड फिरवतो, बोटांनी चाचपून गाठ शोधतो आणि शेवटी पोराला हाक मारतो. ‘जवळचा दिसणा नाय’ हे तो घरात बोलतो, दवाखान्यात सांगत नाही. वय झाले की असे व्हायचेच, अशी त्याची समजूत असते. नेत्रसेवेची पद्धतही नकळत या समजुतीच्याच बाजूने उभी आहे. ती बदलायची तर तपासणीची सुरुवात एका साध्या प्रश्नाने व्हायला हवी: तुमचे काम डोळ्यांपासून किती अंतरावर चालते?

मराठीने या दोषाला आणि त्याच्या चष्म्याला मिळून चाळिशी हा एकच शब्द दिला, तो शरीरशास्त्राला धरूनच आहे. डोळ्यातले नैसर्गिक भिंग वयाबरोबर ताठर होत जाते आणि जवळचे पाहताना त्याला पुरेसा फुगवटा येत नाही. ही उणीव बाहेरच्या भिंगाने भरून काढायची असते, पण किती भरायची हे अंतरावर ठरते. दूरची नजर नीट असलेल्या आणि स्वतःची जुळवून घेण्याची ताकद संपलेल्या डोळ्याला ४० सेंटिमीटरवर स्पष्ट दिसायला २.५ डायॉप्टर लागतात, ५० सेंटिमीटरवर २ आणि ६० सेंटिमीटरवर साधारण १.७. वाचनाचा तक्ता बहुधा ४० सेंटिमीटरवर धरतात. त्यावरून २.५ नंबर दिला तर बारीक अक्षर झकास दिसते, पण हातभर लांब पसरलेले जाळे पुन्हा धूसर होते. वेंगुर्ले-सावंतवाडीकडच्या काजू कारखान्यात लहान चाकूने गराची साल काढणाऱ्या बाईचे अंतर याहून कमी, आणि सावंतवाडीच्या गंजिफाच्या पत्त्यांवर बारीक कुंचल्याने चित्र काढणाऱ्याचे आणखी कमी. एकाच वयाच्या तिघांना तीन वेगळे नंबर लागू शकतात. म्हणून ‘चष्मा दिला होता, पण वापरत नाहीत’ ही तक्रार ऐकली की वापरणाऱ्याच्या आळसाआधी देणाऱ्याच्या मोजमापाकडे पाहावे.

ही गरज नजरेआड राहिली याचे मोठे कारण आपण काय मोजतो यात आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या अंधत्वाचे सर्वेक्षण २०१४ मध्ये इंडियन जर्नल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजीत प्रसिद्ध झाले. अंधत्व, दृष्टिदोष आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया हा त्याचा विषय. अशी जलद सर्वेक्षणे पन्नाशीपुढच्यांची होतात आणि त्यांचा मूळ भर दूरच्या नजरेवर असतो. चाळिशी मात्र चाळिसाव्या वर्षाच्या आसपास लागते. म्हणजे हात सर्वांत तरबेज असतात ती दहा वर्षे या मोजमापाच्या बाहेरच राहतात. यावर रास्त आक्षेप असा येईल की आधी अंधत्व, मग सोय. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्यांत अंधत्वाचे प्रमाण १.९९ टक्के निघाले आणि त्यातले ६६.२ टक्के मोतीबिंदूमुळे होते. तरुण पिढी मुंबईला आणि घरी म्हातारी माणसे, अशी गावे असलेल्या जिल्ह्यात मोतीबिंदूला अग्रक्रम हवाच. पण चष्मा त्या अग्रक्रमाच्या विरोधात जात नाही. पुण्याच्या ह. वि. देसाई नेत्र रुग्णालयात ४०० रुग्णांवर मोतीबिंदूच्या दोन शस्त्रक्रियांची तुलना झाली, तिचे निष्कर्ष २००५ मध्ये आले. सहा आठवड्यांनी चष्म्याविना ६/१८ किंवा त्याहून चांगली नजर यंत्राने होणाऱ्या फेको पद्धतीत सुमारे ८१ टक्क्यांना आणि स्वस्त लहान-छेद पद्धतीत ७१ टक्क्यांना मिळाली. चष्मा लावल्यावर दोन्हीकडे आकडा ९८.४ टक्के झाला. यंत्रातला फरक चष्म्याने पुसला. शिवाय बसवलेले साधे कृत्रिम भिंग एकाच अंतराला जुळते, त्यामुळे दूरचे दिसू लागलेल्या आजोबांनाही सुईत दोरा ओवायला चाळिशी लागतेच.

जवळच्या नजरेचा पोटापाण्याशी संबंध किती, याचा पुरावा आता आहे. आसामातल्या चहामळ्यांत चाळीस आणि त्यापुढच्या ७५१ मजुरांवरचा प्रयोग २०१८ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आला. चष्मा मिळालेल्यांची पानखुडणी न मिळालेल्यांच्या तुलनेत २१.७ टक्क्यांनी जास्त वाढली. बांगलादेशातल्या २०२४ च्या अभ्यासात चष्मा मिळालेल्यांचे उत्पन्न ३३.४ टक्क्यांनी अधिक निघाले. चहाची पाने म्हणजे जाळे नव्हे, हे खरे. खुडणीची मजुरी किलोवर मोजता येते. जाळे विणणाऱ्याचा फायदा पकडीत, वाचलेल्या दोऱ्यात आणि पोराला न माराव्या लागलेल्या हाकेत विखुरलेला असतो. तेच आकडे इथे जसेच्या तसे लागू करणे चूक ठरेल. पण बोटाच्या टोकावरचे बारीक काम, आणि तेही दिवसभर, ही दोन्हीकडची अट एकच आहे.

मग चष्म्याऐवजी थेंब का नकोत? पिलोकार्पिनच्या थेंबांना अमेरिकेत २०२१ मध्ये चाळिशीसाठी मान्यता मिळाली. आपल्याकडे मुंबईच्या एन्टॉड कंपनीच्या अशाच थेंबांना ऑगस्ट २०२४ मध्ये परवानगी मिळाली, पण प्रसिद्धीतल्या अनधिकृत दाव्यांचे कारण देऊन औषध नियंत्रकांनी सप्टेंबरमध्ये ती स्थगित केली. प्रसिद्धीचा वाद बाजूला ठेवला तरी किनाऱ्यापुरती अडचण उरते. हे थेंब बाहुली लहान करतात. बारीक भोकातून पाहिल्यासारखे जवळचे रेखीव दिसते, पण डोळ्यात प्रकाश कमी शिरतो. पहाटेच्या अंधारात होडी लोटणाऱ्याला तोच प्रकाश हवा असतो. चष्मा काढून खिशात घालता येतो, आकसलेली बाहुली औषध उतरेपर्यंत तशीच राहते.

सर्वांत वजनदार आक्षेप डॉक्टरांचाच असेल: किनाऱ्यावर तयार चष्मे वाटले तर काचबिंदू आणि मधुमेहाने बिघडलेले दृष्टिपटल लपून राहील. हा धोका खरा आहे. पण तक्रार नसलेला माणूस पडद्याच्या तपासणीला स्वतःहून येत नाही, चाळिशीसाठी मात्र येऊ शकतो. मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत मधुमेहाच्या २१३ रुग्णांवर स्मार्टफोनच्या कॅमेऱ्याने आणि इंटरनेटविना चालणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेने तपासणी झाली. २०१९ च्या या अभ्यासात पुढे पाठवण्याजोगा एकही रुग्ण निसटला नाही. याउलट थायलंडच्या दवाखान्यांत तशाच दुसऱ्या प्रणालीने पाचव्या हिश्शाहून जास्त छायाचित्रे अस्पष्ट म्हणून परत केली. म्हणजे प्रणाली पारखूनच घ्यावी लागते; नेटवर्कची खात्री नसलेल्या किनाऱ्यासाठी इंटरनेटविना चालणे हा निवडीचा पहिला निकष ठरावा. आणि दोन डोळ्यांचा नंबर बराच वेगळा असेल किंवा तयार चष्म्याने नजर सुधारत नसेल, तर तिथे वाटप थांबवून माणूस रुग्णालयात पाठवला पाहिजे.

जागतिक आरोग्य सभेने २०३० पर्यंत दृष्टिदोषावरची परिणामकारक चष्मासेवा ४० टक्केबिंदूंनी वाढवायचे लक्ष्य २०२१ मध्येच ठरवले आहे. ‘परिणामकारक’ या शब्दाचा मालवणात अर्थ काय, हे जून-जुलैत ठरू शकते. तेव्हा माणसे किनाऱ्यावरच असतात, जाळी पसरलेली असतात आणि ज्या कामासाठी नजर हवी ते काम समोरच चालू असते. ग्रामीण रुग्णालयाच्या नेत्रचिकित्सा अधिकाऱ्याने तिथे भिंगांच्या ट्रायल पेटीसोबत शिंप्याकडची टेप न्यावी. आधी डोळ्यापासून गाठीपर्यंतचे अंतर मोजावे, भिंग त्यानंतर निवडावे, आणि अक्षरांचा तक्ता दाखवण्याऐवजी फाटके जाळेच हातात द्यावे. गाठ एका दमात बसली, तर नंबर बरोबर.