विश्लेषण : टोलचा पास काढावा की नाही?

मुंबईच्या पाचही टोलनाक्यांवर हलक्या वाहनांना १४ ऑक्टोबर २०२४च्या मध्यरात्रीपासून टोलमाफी आहे. शहराबाहेर पडले की मात्र हिशेब बदलतो.

वार्षिक पास कोणाला परवडतो?
खासगी मोटारींसाठीचा फास्टॅग वार्षिक पास १५ ऑगस्ट २०२५ रोजी ३,००० रुपयांत सुरू झाला. मुदत एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. सुरुवातीच्या या दराने पूर्ण वापरल्यास फेरी १५ रुपयांना पडत होती. मात्र एक नाका ओलांडला की एक फेरी धरतात, जाऊन-येऊन दोन.

तो कुठे चालत नाही?
हा पास राष्ट्रीय महामार्गांपुरता आहे. खेड-शिवापूर, चारोटीला चालतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर नेहमीचा टोल कापला जातो.

अटल सेतूवर काय स्वस्त?
२०२४मध्ये सेतू खुला झाला तेव्हा मोटारीला एकेरी २५० रुपये, परतीसह ३७५ आणि मासिक पास १२,५०० रुपये असे दर ठरले. या दरांनी महिन्यात २५ दिवस ये-जा केल्यास ९,३७५ रुपये होतात. तीसही दिवस केल्यास ११,२५०. म्हणजे दिवसाला एकदाच ये-जा करणाऱ्याला मासिक पास महागच पडतो.

पास घेण्यापूर्वी नाका कोणत्या रस्त्यावर आहे ते पाहावे आणि आपल्या फेऱ्या मोजाव्यात.