वाकलेली डोलकाठी

पावसाळ्याचा वारा सुटला की हैदराबादच्या हुसेनसागरावर शिडाच्या लहान नौकांच्या शर्यती भरतात. त्यांतली एकट्याने हाकायची ‘लेझर’ नौका मुलांची विशेष आवडती. कॅनडातील ब्रूस कर्बी यांनी तिचा आराखडा केला आणि १९९६ पासून ती ऑलिंपिकमध्येही आहे. तिची डोलकाठी म्हणजे एकात एक बसणाऱ्या दोन नळ्या. आधाराला तार एकही नाही. नौका उलटून काठीचे टोक तळाच्या गाळात रुतले, की वरची ॲल्युमिनियमची नळी वाकते. (अलीकडे संमिश्र तंतूंची नळीही मिळते, पुढील विवेचन तिला लागू नाही.)

अशा वेळी घरात पहिला विचार येतो तो खर्चाचा, आणि पाठोपाठ वेल्डिंगवाल्याचा. नळी तापवून सरळ करावी असे कोणालाही वाटेल; परंतु तसे मुळीच करू नये. या धातूचा कणखरपणा कारखान्यात उष्णतेचे संस्कार देऊनच आणलेला असतो. १७० अंशांच्या आसपास काही तास ठेवून जे साधलेले असते, ते दिव्याची ज्योत काही क्षणांत घालवते. नळी सरळ दिसते, पण त्या जागी ती मऊ झालेली असते.

नळी थंडच सरळ करावी. त्याआधी वाकलेल्या भागावरून बोट फिरवावे. बाक सलग आणि नळी गोल असेल तर आशा आहे. पोचा किंवा चुणी लागली, अथवा रिव्हेटच्या भोकाशी केसाएवढी चीर दिसली, तर तेथेच थांबावे. पोकळ नळीचे बळ तिच्या गोलाईत असते. ती मोडली की मागाहून केलेला सरळपणा फसवा ठरतो.

बाक सौम्य असेल तर दोन लाकडी ठोकळ्यांवर गोणपाट घालून नळी कुबड वर करून ठेवावी. कुबडावर नळीच्या गोलाईचा खाचा केलेला लाकडाचा तुकडा ठेवून अंगाचा भार हळूहळू द्यावा. हातोडा दूरच ठेवावा. धातू थोडा उसळून मागे येतो, म्हणून दाब सरळ रेषेच्या किंचित पलीकडे न्यावा लागतो. दर खेपेस ठोकळे थोडे सरकवावेत, म्हणजे सगळा ताण एकाच जागी येत नाही. तपासणीला आपली शहाबादी फरशी उत्तम: नळी तिच्यावर लोळवली की उरलेला बाक लगेच दिसतो. सुतार फळीची कड पाहतो तसे एक डोळा मिटूनही पाहावे.

हा उपाय आमच्या मते एकदाच करावा. प्रत्येक वाकण्यासरशी धातू अधिक ठिसूळ होतो, आणि तीच नळी दुसऱ्यांदा वाकली तर ती भर वाऱ्यात, काठापासून दूर मोडण्याचा संभव असतो. शर्यतीत उतरायचे असेल तर त्या वर्गाचे नियमही आधी पाहावेत.

बाद झालेली नळी क्लबच्या कोपऱ्यात उभी करून ठेवू नये. घाईत दुसऱ्या कोणाचे तरी मूल ती उचलून नेईल. करवतीने तिचे दोन तुकडे करावेत. गच्चीवर कपडे वाळत घालायला त्यांतला लांब तुकडा चांगला उपयोगी पडतो.