माळ म्हणजे ओसाड जमीन नव्हे!

ज्यांचे हेडफोन नेमके बसमध्येच सापडत नाहीत, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतोय.

सुरुवात एका कबुलीने. कॉलेजच्या कॅम्पमध्ये आम्ही सोलापूरबाहेरच्या एका माळावर खड्डे खणून गिरिपुष्पाची रोपं लावली. फोटो काढले, स्टेटस ठेवलं, "ओसाड जमीन हिरवी केली!" आज सांगतो, चुकलो. ती जमीन ओसाड नव्हतीच. तो माळ होता.

मग फरक काय? सोलापूरकडे पाऊस कमी, माती उथळ, खाली मुरूम. इथे दाट जंगल नाही, गवत टिकतं. कुसळी, पवन्या, मारवेल. उन्हाळ्यात सगळं वाळतं, आपल्याला वाटतं मेलं. पण मुळं जिवंत असतात. पाऊस पडला की माळ हिरवा. मग गवतात नखाएवढी निळी विष्णुक्रांत दिसते, जांभळी आभाळी दिसते. वाकून बघावं लागतं एवढंच.

कुसळीचं बी तर भारीच. त्याला लांब शेपटी असते. ती ओली झाली की पीळ सुटतो, वाळली की परत बसतो, आणि बी स्क्रूसारखं मातीत शिरतं. तुमच्या सॉक्समध्ये घुसतं ना, ते हेच!

आता नान्नजला चला. सोलापूरपासून साधारण वीस किलोमीटर, बार्शी रस्त्याला. चरून उघड्या पडलेल्या जमिनीचे तुकडे वनखात्याने सत्तरच्या दशकात राखायला घेतले आणि गवत परत आलं. १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झालं. कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर, म्हणजे त्यात गावं, शेतं सगळंच आलं! २०१२ मध्ये ते १,२२२ वर आणलं.

गंमत म्हणजे तिथेही मधल्या काळात गिरिपुष्प लावलं गेलं आणि नंतर ते काढावं लागलं. का? सावलीत हे गवत मार खातं. शिवाय माळावरच्या पक्ष्याला लांबवर दिसायला हवं, तरच तो लांडगा, खोकड वेळेत हेरतो. धाविक आणि चंडोल जमिनीवरच अंडी घालतात. हिवाळ्यात परदेशातून येणारे भोवत्या तर रात्री गवतातच जमिनीवर झोपतात. काळवीट पळतं ते मोकळ्या रानाच्या भरवशावर. झाडांची भिंत उभी केली की हे सगळं बिघडतं.

आणि माळढोक? मादी एका वेळी बहुतेक एकच अंडं घालते, तेही उघड्यावर. पक्षी जड, समोरचं नीट दिसत नाही, विजेच्या तारांना धडकतो. ज्याच्या नावाने अभयारण्य झालं, तो आता नान्नजला जवळपास दिसेनासा झालाय. गवत परत आणता येतं, पण पक्षी परत येईलच असं नाही. हे मला सगळ्यात जास्त लागतं.

म्हणून एकच विनंती. पुढच्या वेळी कुणी "चला, माळावर झाडं लावू" म्हटलं, तर आधी पावसाळ्यात तिथे एक चक्कर मारा. काय उगवतं, कोण चरतं, कोण अंडी घालतं ते बघा. तिथल्या धनगराला विचारा, त्याला गवतांची नावं आपल्यापेक्षा जास्त माहिती असतात. झाडं जरूर लावा, पण गावात लावा, रस्त्याकडेला लावा, बांधावर लावा. माळाला माळच राहू द्या.

तुमच्या शहराबाहेर असा माळ आहे का? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!