दहा दिवसांचा दुधाचा त्याग

भाद्रपद शुद्ध पंचमीच्या चार दिवस आधीची गोष्ट. सांगलीतील एका सुखवस्तू जैन कुटुंबात दशलक्षण पर्वाची तयारी चालू होती. आजी एकाशनाचा संकल्प करण्याच्या विचारात होत्या, वडिलांनी नेहमीप्रमाणे हिरव्या भाज्यांचा त्याग ठरविला होता. पुण्यात शिकणारी नात सुटीवर घरी आली होती. तिला तिचा नियम विचारला तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "मी दूध सोडणार. दूध, दही, तूप, ताक, पनीर, सगळंच. आणि जमलं तर घरातल्या सगळ्यांनी दहा दिवस माझ्याबरोबर सोडून पाहावं."

घरात क्षणभर शांतता पसरली. कांदा, लसूण, बटाटा, मध, रात्रिभोजन यांपैकी कोणत्याही गोष्टीचा त्याग जैन घराला नवा नाही. दूध मात्र निराळे. ते सात्त्विक, ते पवित्र, ते लहान मुलाचे आणि म्हाताऱ्या माणसाचे अन्न. आजींनी विचारले, "अगं, दुधात कसली आली हिंसा? आपण वासराला आधी पाजून मग धार काढत होतो."

नातीने वाद घातला नाही. "आजी, तू काढत होतीस. आता कसं काढतात ते आपण काकांच्या गोठ्यावर जाऊन पाहू या का?" एवढेच ती म्हणाली.

जुनी कल्पना, नवा शब्द

'व्हीगन' हा शब्द १९४४ मध्ये इंग्लंडमधील डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केला. मांसाहार न करणारे, परंतु दूध व अंडी घेणारे जे शाकाहारी होते, त्यांच्यापासून आपले वेगळेपण दाखविण्यासाठी त्यांनी व्हीगन सोसायटी स्थापन केली. प्राण्यापासून मिळणारा कोणताही पदार्थ वापरावयाचा नाही, हे तिचे सूत्र. त्यात दूध आणि मध येतात, त्याचप्रमाणे रेशीम, लोकर आणि चामडेही येते.

शब्द परदेशी असला तरी दूध सोडण्याची साधना आपल्याला अपरिचित नाही. तत्त्वार्थसूत्रातील सहा बाह्य तपांमध्ये रसपरित्याग आहे. दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि मीठ या रसांपैकी एखादा किंवा सर्व रस सोडणे म्हणजे ते तप. श्वेतांबर परंपरेत यांपैकी दूध, दही, तूप, तेल, गूळ आणि तळलेले पदार्थ यांना विगई म्हणतात. चैत्र आणि आश्विन महिन्यांतील ओळीत नऊ दिवस आयंबिल करणारे श्रावक-श्राविका सर्व विगई वर्ज्य करतात. म्हणजे ते नकळत पूर्ण व्हीगन आहारच घेत असतात. फरक हेतूचा आहे. आपला त्याग मुख्यतः जिव्हेवर विजय मिळविण्यासाठी असतो, तर व्हीगन मनुष्याचा त्याग गाई-म्हशींच्या दुःखासाठी असतो. मात्र अहिंसा हाच ज्यांचा परम धर्म, त्यांना दुसरा हेतू परका वाटण्याचे कारण नाही. अमेरिकेत जैन विचारांचा प्रसार करणारे चित्रभानूजी यांनीही दुग्धत्यागाचा आग्रह धरला होता.

तरीही व्हीगन म्हणजे जैन नव्हे, हे पहिल्याच दिवशी लक्षात आले. नातीने पुण्याहून आणलेल्या व्हीगन चीजच्या वेष्टनावरील बारीक अक्षरे वडिलांनी भिंगातून वाचली. त्यात बटाट्याचे पिष्ट होते आणि लसणाची पूडही होती. मद्य आणि अळिंबी व्हीगन मनुष्याला चालतात, आपल्याला चालत नाहीत. उलट दूध व मध घातलेल्या पदार्थावरही हिरवा ठिपका असू शकतो. व्हीगन पदार्थांसाठी केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२२ च्या नियमांन्वये स्वतंत्र हिरवे चिन्ह दिले आहे. जैन गृहिणीला दोन्ही चिन्हे पाहून शिवाय घटकांची यादीही वाचावी लागते.

गोठ्यातील तास

पंचमीच्या आदल्या दिवशी आजी, वडील आणि नात कृष्णाकाठच्या आपल्या मूळ गावी गेले. दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाज मोठ्या प्रमाणावर शेतकरी आहे आणि शेती म्हटली की दावणीला जनावर आलेच. वडिलांच्या चुलतभावाकडे तीन म्हशी. दोन दुभत्या आणि एक म्हातारी, भाकड.

काका मोकळ्या मनाचे गृहस्थ. त्यांनी काही लपविले नाही. "वगार झाली तर ठेवतो. रेडकू झालं तर महिना-दोन महिन्यांत बाजार. त्याला पोसायचं कशावर? पूर्वी रेडा नांगराला, मोटेला लागायचा. आता ट्रॅक्टर आहे, मोटार आहे."

बाजारातून ते पुढे कोठे जाते, हे कोणी विचारले नाही आणि कोणी सांगितलेही नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हैसवर्ग मात्र त्या बंदीबाहेर आहे. देशातील दुधापैकी जवळजवळ निम्मे दूध म्हशींचे असते. आपण ज्या दाट दुधाचे कौतुक करतो, त्याची ही दुसरी बाजू आहे.

पण काकांचीही एक बाजू होती आणि ती तेवढीच खरी होती. "पोरी, ऊस पैसे वर्षानं देतो. म्हैस दर दहा दिवसाला देते. डेअरीचं बिल आलं की किराणा येतो, पोरांची फी जाते. तू दूध सोडलंस तर पुण्य तुला. मी म्हशी सोडल्या तर माझ्या घरचं काय?"

या प्रश्नाला नातीजवळ उत्तर नव्हते. परतीच्या वाटेवर आजीही गप्प होत्या. घरी आल्यावर त्या म्हणाल्या, "दहा दिवस मी पण सोडते. बघू."

स्वयंपाकघरातील कसोटी

पहिला अडसर चहाचा. उकळत्या चहात सोयाबीनचे दूध ओतताच ते फुटले. शेंगदाण्याच्या दुधाचा चहा झाला, पण त्याला शेंगदाण्याचा वास आला. वडिलांनी दोन घोट घेऊन कप खाली ठेवला. तिसऱ्या दिवशी आईने सुंठ, वेलदोडा आणि गूळ घालून बिनदुधाचा चहा केला. तो मात्र सर्वांना चालला.

दह्याचा प्रश्न अधिक कठीण होता. पाव किलो शेंगदाणे सहा-सात तास भिजवून, सोलून, वाटून आणि गाळून दीड लिटर दूध निघते. ते उकळून कोमट करावयाचे. विरजण दुधाच्या दह्याचे चालणार नाही, म्हणून पहिल्या दिवशी हिरव्या मिरचीची देठे टाकली. एकदा दही लागले की पुढे त्याचेच विरजण. जैन घरात दह्याची मर्यादा पाळली जाते, म्हणून ते रोजच्या रोज ताजे करावे लागे. या दह्याची कढी मंद आचेवर सतत ढवळली तरच एकजीव राहते, हे एक पातेले फुकट गेल्यावर समजले. शेंगदाणा जमिनीखाली येत असला तरी तो कंद नसून बी आहे, त्यामुळे तो आपल्याला वर्ज्य नाही.

आश्चर्य वेगळेच होते. ज्वारीची भाकरी, आमटी, मटकीची उसळ, दोडक्याची भाजी, तिळाची आणि शेंगदाण्याची चटणी, झुणका. आपल्या रोजच्या ताटातील बहुतेक पदार्थांत दूध नसतेच. ते येते चहातून, वाटीभर दह्यातून, भातावरच्या तुपातून आणि सणाच्या गोडातून. रविवारी पुरणपोळीबरोबर तुपाऐवजी कोकणातल्याप्रमाणे नारळाचे दूध वाढले. आजी म्हणाल्या, "तुपाची सर नाही, पण वाईटही नाही."

आरोग्याचा हिशोब

दूध सोडताना शरीराची जबाबदारी विसरून चालत नाही. कॅल्शियमची चिंता फारशी नको. शंभर ग्रॅम गाईच्या दुधात ते सुमारे १२० मिलिग्रॅम असते, तर शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास. तिळात त्याहूनही कितीतरी अधिक. चातुर्मासात पालेभाज्या वर्ज्य असल्या तरी नाचणीची भाकरी आणि तिळाची चटणी यांवर भागते. प्रथिनांसाठी डाळी, उसळी, सोयाबीन आणि शेंगदाणे आहेत.

खरा प्रश्न जीवनसत्त्व बी-१२ चा. ते वनस्पतींतून भरवशाचे मिळत नाही. दूध घेणाऱ्या शाकाहारी माणसांतही त्याची उणीव मोठ्या प्रमाणावर आढळते. आजींचेच उदाहरण पाहा. रोज दूध घेऊनही त्यांचे बी-१२ पूर्वीच कमी निघाले होते. म्हणून कायम दूध सोडणाऱ्याने रक्ततपासणी करून डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घेणे अत्यावश्यक आहे. हे जीवनसत्त्व सूक्ष्म जीवाणूंपासून तयार केले जाते. तथापि कॅप्सूलचे आवरण बहुधा प्राणिज जिलेटिनचे असते आणि ड जीवनसत्त्वाचा डी-३ हा प्रकार अनेकदा मेंढीच्या लोकरीतील स्निग्धापासून काढतात. औषध घेताना हेही विचारून घ्यावे. गर्भवती स्त्रिया, लहान मुले आणि वृद्ध यांनी तर वैद्यकीय सल्ल्याशिवाय असा बदल करूच नये.

चौक्यातील सकाळ

आठव्या दिवशी घरी मुनिमहाराजांच्या आहारासाठी चौका लावण्याचा योग आला. पिढ्यान्पिढ्या या घराने आहारात दूध दिले होते. नात म्हणाली, "मी दुधाला हात लावणार नाही." आजी म्हणाल्या, "नियम तुझा आहे. महाराजांच्या आहारावर आपला नियम लादायचा नसतो. ज्या रसाचा त्यांचा त्याग असेल, तो ते घेणार नाहीत. नसेल तर घेतील."

आवाज थोडे चढले. शेवटी आईने मध्यम मार्ग काढला. शुद्ध वस्त्रे नेसून नात चौक्यात उभी राहिली आणि तिने पाणी, भात व डाळ दिली. दूध आजींनी दिले. महाराजांनी दोन्ही समभावाने स्वीकारले. त्या दिवशी आजी-नातीचे मतैक्य झाले नाही, परंतु एकाच चौक्यात दोघींना जागा मिळाली.

अनंत चतुर्दशीनंतर

घराची जमाखर्चाची वही वडिलांकडे असते. त्यांनी दहा दिवसांचा हिशोब मांडला. एरवी या घरात रोज दोन लिटर दूध ६४ रुपये दराने, म्हणजे १,२८० रुपये, आणि अर्धा किलो तूप ३५० रुपये, असा १,६३० रुपये खर्च होतो. या दहा दिवसांत शेंगदाणे, नारळ, सोयाबीन, तीळ आणि नाचणी मिळून ८७० रुपये लागले. मात्र नातीने हौसेने आणलेल्या बदामाच्या दुधाच्या तीन पुड्यांचे ८४० रुपये धरता एकूण १,७१० रुपये झाले. निष्कर्ष सरळ होता. व्हीगन आहार महाग नाही, त्याचे आयते वेष्टन महाग आहे.

दहा दिवसांनंतर प्रत्येकाने आपापल्या शक्तीप्रमाणे निर्णय घेतला. नातीने त्याग कायम ठेवला आणि बी-१२ ची गोळी सुरू केली. वडिलांचा चहा बिनदुधाचाच राहिला. आजींनी सूर्यास्तापूर्वीचा दूध-भात पुन्हा सुरू केला. दातांनी साथ सोडली आहे, त्यांना दुसरे काही पचत नाही. त्याबद्दल त्यांना कोणी टोकले नाही. दोन लिटरचे दूध पाऊण लिटरवर आले.

क्षमावाणीच्या दिवशी वडिलांनी काकांना फोन केला. परस्पर क्षमायाचना झाल्यावर त्यांनी भाकड म्हशीचा विषय काढला. दिवाळीपूर्वी तिला बाजारात नेण्याचे काकांच्या मनात होते. दुधाचे वाचलेले पैसे दरमहा तिच्या वैरणीसाठी पाठवितो, तिला दावणीलाच राहू द्या, अशी विनंती त्यांनी केली.

काका थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "वैरणीचं अर्धं तुम्ही द्या, अर्धं मी घालतो. बारा वर्षं दूध दिलंय तिनं मला. पण पुढच्या रेडकाचं काय करायचं, तेवढं पोरीला विचारून ठेवा."

नातीने तो प्रश्न आपल्या वहीत लिहून ठेवला आहे.