टायरचा भोंगा खोटे बोलतो का?

मे महिन्यातली सकाळ. मीरा रोडचे एक कुटुंब गाडीने डहाणूला निघते. गाडी रात्रभर इमारतीच्या आवारात उभी होती. निघण्यापूर्वी हवा तपासली आहे, चारही चाकांत बरोबर ३३ पीएसआय. काशिमीऱ्याला महामार्ग लागतो, वरसाव्याचा पूल मागे पडतो आणि मनोरच्या पुढे डॅशबोर्डवर चिकटवलेला छोटा पडदा किंचाळू लागतो. उजव्या मागच्या चाकात ३८! टायर फुटणार या धास्तीने गाडी पुढच्या पेट्रोल पंपावर थांबते आणि चारही चाकांतली हवा कमी करून पुन्हा ३३वर आणली जाते. दुसऱ्या दिवशी पहाटे परत निघताना तोच पडदा पुन्हा ओरडतो. आता आकडा असतो २८. ‘हे यंत्रच बोगस आहे’ असा निकाल लागतो आणि आवाज कायमचा बंद केला जातो.

असे प्रसंग अनेक गाड्यांत घडतात. पण यात यंत्र एकदाही खोटे बोललेले नाही. त्याने दोन्ही वेळा खरा आकडा सांगितला. चूक झाली ती आकड्याचा अर्थ लावण्यात आणि इशाऱ्याची मर्यादा ठरवण्यात. त्या चुकीचा शेवट मात्र गंभीर आहे. आता खरोखर हवा गेली तरी ती सांगणारे कोणी नाही.

३३, ३८ आणि २८ यांचे गणित

बंद भांड्यातला वायू तापला की त्याचा दाब वाढतो. गिलॉम आमोंताँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने सुमारे १७०० साली हे प्रयोगाने दाखवले होते. टायर हे असेच एक बंद भांडे. गेजवर दिसणारे ३३ म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा ३३ने जास्त. समुद्रसपाटीला बाहेरच्या हवेचा दाब १४.७ पीएसआय असतो, म्हणजे टायरमधला एकूण दाब ४७.७. सकाळी टायरमधली हवा २८ अंश सेल्सिअस असेल आणि उन्हात, तापलेल्या रस्त्यावर धावून ती ६० अंशांवर गेली, तर एकूण दाब ५२.८च्या आसपास जातो. त्यातून १४.७ वजा केले की गेजवर ३८ दिसतात. टायर कंपन्यांनी ही वाढ आधीच गृहीत धरलेली असते. गाडीच्या दरवाज्याच्या चौकटीवर लिहिलेला दाब हा नेहमी थंड टायरचा असतो.

आता गरम टायरमधली हवा सोडून तो ३३वर आणला, तर रात्री थंड झाल्यावर तो २८वर उतरणारच. म्हणजे हवेच्या ‘दुरुस्ती’नेच टायर १५ टक्के कमी हवेचा झाला. ढोबळ नियम असा की, तापमान साडेपाच-सहा अंशांनी बदलले की दाब सुमारे १ पीएसआयने बदलतो. नायट्रोजन भरल्यानेही यातून सुटका नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि तोही याच नियमाने फुगतो.

उन्हाची दिशाही आकडा बदलते. सकाळी मीरा-भाईंदरहून गुजरातच्या दिशेने जाताना पूर्वेचे ऊन गाडीच्या उजव्या अंगावर येते. त्या बाजूचे टायर दहा अंशांनी जास्त तापले तरी दाबात दीड-दोन पीएसआयचा फरक पडतो. उजव्या चाकाने आधी ओरडावे यात नवल नाही.

कमी हवेची भीती जास्त

‘उन्हाळ्यात हवा थोडी कमीच ठेवावी, नाहीतर टायर फुटतो’ हा समज आपल्याकडे घट्ट रुजलेला आहे. प्रत्यक्षात धोका बहुतेक वेळा उलट बाजूने येतो. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते. एखादी तार पुन्हापुन्हा वाकवली की ती गरम होते, तसेच रबर आणि आतले थर तापत जातात. वेग जितका जास्त आणि प्रवास जितका सलग, तितकी ही उष्णता साचत जाते. शेवटी थर सुटतात आणि टायर फुटतो.

शहरात सिग्नल आणि कोंडीमुळे ही उष्णता साचायला वाव मिळत नाही. घोडबंदर रस्त्याच्या कोंडीतून ठाणे, भिवंडीमार्गे आमणेला पोहोचून समृद्धी महामार्गावर चढले की चित्र पालटते. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ५ जून २०२५ रोजी संपूर्ण खुला झाला. मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आणि तासन्‌तास न थांबता धाव, ही कमी हवेच्या टायरची खरी परीक्षा असते.

मुंबई उच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये हा मुद्दा ठळक केला. टायर फुटून झालेल्या एका जीवघेण्या अपघाताच्या भरपाईच्या प्रकरणात विमा कंपनीने ‘टायर फुटणे ही दैवी घटना’ असा बचाव केला होता. न्यायालयाने तो फेटाळला. अतिवेग, कमी किंवा जास्त हवा, जुने टायर, तापमान अशी त्याची कारणे असतात आणि प्रवासापूर्वी टायरची स्थिती तपासणे हे चालकाचे किंवा मालकाचे काम आहे, असे न्यायालयाने म्हटले.

भोंगा आला कुठून?

टायरमधल्या दाबावर सतत नजर ठेवणाऱ्या या व्यवस्थेला टीपीएमएस म्हणतात. ती सक्तीची होण्यामागे मोठी दुर्घटना आहे. २००० साली अमेरिकेत एका लोकप्रिय गाडीचे टायर धावताना सुटून अनेक बळी गेले, सुमारे ६५ लाख टायर परत मागवावे लागले आणि त्याच वर्षी तिथे नवा कायदा झाला. तिथल्या नियमानुसार ठरलेल्या दाबापेक्षा २५ टक्के कमी हवा झाली की दिवा लागलाच पाहिजे. युरोपात २०१४च्या नोव्हेंबरपासून प्रत्येक नव्या मोटारीत ही व्यवस्था बंधनकारक झाली. भारतात २०२०च्या नियमदुरुस्तीनुसार साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी वाहनात ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचे किट आणि टीपीएमएस असेल, तर स्टेपनी न देण्याची मुभा उत्पादकांना मिळाली. ज्या गाडीत स्टेपनी नाही, तिथे या दिव्याकडे दुर्लक्ष करणे अधिकच महागात पडू शकते.

या व्यवस्थेचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात प्रत्येक चाकात व्हॉल्व्हपाशी सेन्सर असतो. तो दाब आणि तापमान मोजून रेडिओ लहरींनी कळवतो. दुसऱ्यात दाब मोजलाच जात नाही. हवा कमी झालेले चाक किंचित लहान होते आणि म्हणून इतरांपेक्षा थोडे जलद फिरते, हा फरक ब्रेकच्या एबीएस यंत्रणेतले सेन्सर टिपतात. या दुसऱ्या प्रकारात टायर बदलला, चाकांची अदलाबदल केली किंवा हवा भरली की ‘रीसेट’चे बटण दाबावे लागते. ते राहिले की खोटा इशारा येतो. उलट, चारही चाकांतली हवा सारखीच कमी झाली तर ही पद्धत गप्प बसण्याचीही शक्यता असते.

खरोखर खोटे इशारे

यंत्राची चूक कधीच नसते असे मात्र नाही. सेन्सरमधली बॅटरी साधारण ५ ते १० वर्षे टिकते आणि संपत आली की निरोप अडखळू लागतात. स्टेपनीत सेन्सर नसेल, तर ती बसवल्यावर दिवा लागणारच. पंक्चरसाठी टाकलेल्या जेलने सेन्सरचे बारीक छिद्र बुजते. आपल्याकडे यातले बहुतेक सेन्सर ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात. त्याच पट्ट्यात गाडीच्या रिमोट किल्ल्या आणि बिनतारी घंटाही असतात. त्यात हलक्या दर्जाच्या चार्जरचा विद्युत गोंगाट मिसळला की निरोप हरवतात. फास्टॅगवर मात्र हे खापर फोडू नये. तो ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर चालतो.

हे निरोप सुरक्षितही नसतात. २०१० मध्ये अमेरिकेतल्या रटगर्स आणि साउथ कॅरोलिना विद्यापीठांच्या संशोधकांनी सुमारे ४० मीटर अंतरावरून ते ऐकून दाखवले आणि बनावट निरोप पाठवून धडधाकट टायर असलेल्या गाडीत इशाऱ्याचा दिवाही लावून दाखवला.

व्हॉल्व्हवर टोपीसारखे बसवायचे बाहेरचे सेन्सर स्वस्त आणि सोपे, म्हणून बरेच खपतात. पण टोपी बसली की व्हॉल्व्हची आतली पिन दाबलेलीच राहते. टोपीचे वायसर कडक झाले किंवा उत्तन, गोराईकडच्या खाऱ्या हवेत धातू गंजला, की हवा झिरपू लागते. म्हणजे पहारेकरीच चोर ठरतो. रबरी व्हॉल्व्हवर हे वजन वेगात बाहेर खेचले जाते, त्यामुळे धातूचा व्हॉल्व्ह बरा.

घाटात आणखी एक चकवा असतो. सुमारे १,३७० मीटर उंचीच्या महाबळेश्वरला बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा दोन पीएसआयहून थोडा अधिक कमी असतो. तापमान तेच राहिले, तर हातातला गेज तेवढीच वाढ दाखवतो. काही सेन्सर मात्र सगळीकडे समुद्रसपाटीचाच आकडा वजा करतात. दोघांचे जमले नाही की सेन्सर बिघडल्याची शंका येते.

मोटारीमागे फिरते घर जोडून प्रवास करणाऱ्या परदेशी हौशींना हे सगळे त्रास दुप्पट होतात. मागचा आस चालकापासून कित्येक मीटर दूर आणि मधे पत्र्याचा सांगाडा, त्यामुळे निरोप वाटेतच विरतो. यावर उपाय म्हणून मधे पुनःप्रक्षेपक बसवतात. पण इशाऱ्याची सर्वाधिक गरजही तिथेच असते, कारण मागच्या ट्रेलरचा टायर बसला तरी स्टीअरिंगला ते जाणवत नाही. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणल्यापासून असा प्रवास इथेही ओळखीचा होतो आहे. मागे जोडचाके असलेल्या लांब गाड्यांतही एक टायर बसला तर शेजारचा त्याचा भार उचलतो आणि चालकाला पत्ता लागत नाही.

लांडगा आला रे!

वारंवार वाजणाऱ्या भोंग्याकडे माणूस दुर्लक्ष करू लागतो, हे वैद्यकशास्त्राला चांगले ठाऊक आहे. अतिदक्षता विभागात दिवसभर यंत्रे वाजत असतात. त्यातले बरेच इशारे रुग्ण हलल्याने किंवा सैल झालेल्या तारेमुळे आलेले असतात. कान सरावतात आणि खऱ्या इशाऱ्यालाही उशिरा प्रतिसाद मिळतो. याला ‘अलार्म फटीग’ म्हणतात. अमेरिकेत रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या जॉइंट कमिशनने २०१४ पासून भोंग्यांचे व्यवस्थापन हे रुग्णसुरक्षेचे राष्ट्रीय उद्दिष्ट म्हणून समाविष्ट केले.

मर्यादा फार घट्ट ठेवली की खोटे इशारे वाढतात आणि फार सैल ठेवली की खरा धोका निसटतो. रक्तदाबाच्या यंत्रापासून टायरपर्यंत हा पेच सारखाच आहे. त्यावर आवाज बंद करणे हा उपाय नव्हे. मर्यादा शहाणपणाने ठरवणे हाच उपाय.

काय करावे?

हवा सकाळी, गाडी किमान तीन तास उभी राहिल्यावर आणि दीड-दोन किलोमीटरपेक्षा जास्त न चालवता तपासावी. आकडा दरवाज्याच्या चौकटीवरचा घ्यावा, टायरच्या भिंतीवरचा नव्हे. तो टायर सोसू शकणाऱ्या कमाल दाबाचा असतो. बाहेरून बसवलेल्या यंत्रात मर्यादा स्वतः भरायच्या असतील, तर खालची थंड दाबापेक्षा सुमारे १५ टक्के कमी आणि वरची सुमारे २५ टक्के जास्त ठेवावी. म्हणजे ३३साठी २८ आणि ४१. गरम टायरमधली हवा केवळ आकडा वाढला म्हणून सोडू नये.

दिवा आधी मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला, तर अनेक गाड्यांत तो यंत्रणेच्या बिघाडाचा इशारा असतो. सुरुवातीपासून स्थिर असेल तर हवा कमी. कोणताही इशारा आला की वेग हळूहळू कमी करून, सुरक्षित जागी थांबून साध्या गेजने खात्री करावी. एकच आकडा झपाट्याने उतरत असेल, किंवा एकच चाक इतर तिघांपेक्षा बरेच गरम असेल, तर तो इशारा खरा समजावा. चांगला गेज काही शे रुपयांत मिळतो. तो डिकीत असला, की भोंगा खरा की खोटा हा वाद दोन मिनिटांत मिटतो.

डहाणूहून परतणाऱ्या त्या गाडीला पहाटेच्या गार टायरमध्ये पुन्हा ३३ पीएसआय हवा भरून घेणे आणि वरची मर्यादा ४१ करणे एवढेच पुरले असते. मग मनोरजवळ ३८चा आकडा दिसला असता, पण भोंगा वाजला नसता. आणि पुढे कधी वाजला असता, तर कोणीतरी थांबून खाली उतरून पाहिले असते.