आजीचा पोशाख, नातीचा निकाह

लग्नाचा जोडा ठरवायला घरातल्या बायका बसल्या, की पहिला प्रश्न येतो, "किती हजारांचा?" राजघराण्यातल्या मुलींना पैशाची चिंता नसते. तरी त्यांच्या लग्नाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

२० नोव्हेंबर १९४७ रोजी लंडनमध्ये राजकन्या एलिझाबेथचं लग्न झालं. महायुद्ध संपून दोन वर्षं झाली होती, पण ब्रिटनमध्ये कापड अजून रेशनवरच मिळत होतं. राजकन्येलाही पोशाखासाठी कूपन लागली. देशभरातल्या बायकांनी आपापली कूपन तिला पाठवली. पण दुसऱ्याची कूपन वापरणं कायद्यात बसत नव्हतं, म्हणून ती परत करावी लागली.

डोक्यावरचा हिऱ्यांचा मुकुटही तिचा नव्हता. आजी क्वीन मेरी यांनी लग्नात मिळालेल्या हारातून तो १९१९ मध्ये घडवून घेतला होता. लग्नापुरता तो आईकडून मागून आणला होता. घालताना तो मोडला, आणि जवाहिऱ्याने त्याच सकाळी घाईघाईने दुरुस्त करून दिला!

या लग्नाचा एक धागा आपल्या मराठवाड्यापर्यंत येतो. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी नवरीला कार्टियर या पेढीतून हवे ते दागिने निवडायला सांगितले. तिने हिऱ्यांचा मुकुट आणि हार निवडला. पुढे त्या मुकुटाचे हिरे काढून दुसरा मुकुट घडवला गेला. हार मात्र टिकला. नातसून केटच्या गळ्यातही तो दिसला.

२०२० मध्ये नात बिआट्रिसचं लग्न झालं. तिने नवा पोशाख शिवलाच नाही. आजीने १९६२ मध्ये एका चित्रपटाच्या खेळाला घातलेला पोशाख बाह्या जोडून, थोडा बदलून घेतला, आणि डोक्यावर तोच १९४७ चा मुकुट!

आपल्याकडेही हे नवं नाही. हैदराबादी घरांत दादी-नानीचा खडा दुपट्टा, चिंताक, मोत्यांचा सातलडा जपून ठेवतात आणि मुलीच्या अंगावर घालतात. मागून घेतलेला जोडा तर त्याहून जुना. हजरत आयशा (रजि.) यांच्याकडे एक साधा जाडाभरडा पोशाख होता. मदिन्यातल्या बायका सजण्यासाठी तो त्यांच्याकडून मागून नेत, असं सहीह बुखारीत आलं आहे.

मग एका दिवसाच्या जोड्यासाठी बापाने कर्ज का काढावं? कपाटातला आईचा शरारा बाहेर काढा. जर विरली असेल तर नवी गोट लावा, कुर्ता सैल करून घ्या. बहिणीचा जोडा बहिणीला, भावजयीचा नणंदेला द्या. त्यात कमीपणा नाही. वाचलेले पैसे मुलीच्या शिक्षणाला, तिच्या संसाराला लागतील. आणि नातीने कधी विचारलं, "दादी, हा कुणाचा?" तर सांगायला एक गोष्टही असेल.