पाणी पोटात ठेवणारा दगड

बसा अशी जवळ, कंदिलाच्या उजेडात, आणि हा खडा हातात घ्या. घाई करू नका, एकानं नीट निरखला की मग दुसऱ्याकडं द्या. पिवळसर-गुलाबी रंग, वर मोतिया झाक, मधे आवळलेला नि दोन्ही टोकांना फुलारलेला, आणि आकाराच्या मानानं हलका. विहिरीत सुरुंग उडवला, यारीनं दगड वर ओढून बांधावर टाकला, की त्या ढिगात असले खडे चमकत पडलेले असतात. कामावरची माणसं त्यांना सरसकट गारगोट्या म्हणतात आणि पायानं बाजूला सारतात.

आता गारगोटी काही कमी नवलाची नाही. खरी गारगोटी काचेवर ओरखडा काढते, पोलादावर घासली की ठिणगी पडते. काडेपेटी घरोघरी येण्याआधी म्हातारी माणसं चकमकीनंच विस्तव पाडायची आणि चिलीम पेटवायची. कंदील जरा बारीक करा बघू. या दोन गारगोट्या एकमेकींवर जोरात घासा. दिसला ना आतून उमटलेला पिवळसर उजेड? विस्तव नाही, ठिणगी नाही, नुसत्या घासण्यानं दगड उजळतो, आणि पाण्याखाली घासला तरी उजळतो. पण हातातल्या त्या खड्यावर चाकूचं टोक ओढा. लगेच चरा उठला! म्हणजे ही गारगोटी नव्हे. हा स्टिल्बाइट, झिओलाइटच्या खानदानातला, आणि गोष्ट सांगायची ती याचीच.

आपल्या पायाखालचा काळा पाषाण म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वर येऊन पसरलेला लाव्हा. एकावर एक असे थर इतके साचले की आजही तो खडक पाच लाख चौरस किलोमीटर मुलूख व्यापून आहे, आणि सह्याद्रीकडं त्याची जाडी दोन हजार मीटरच्या वर जाते. लाव्हा निवताना त्यातल्या वायूचे बुडबुडे अडकून बसले, आणि बाहेरचं सारं थिजून दगड झालं तरी ते पोकळ राहिले. मग त्या पोकळ्यांत पाणी झिरपलं, ऊन ऊन, खडकातले क्षार विरघळवून घेऊन आलेलं. माणसाच्या हिशेबात न मावणाऱ्या सावकाशीनं त्यातून स्फटिक वाढत गेले. कुठं गारगोटी, कुठं कॅल्साइट, कुठं सुईसारखा पांढराशुभ्र स्कोलेसाइट, कुठं हिरवट अपोफिलाइट, तर पुण्याजवळ वाघोलीच्या खाणीत निळाभोर कॅव्हन्साइट. हे शेवटचं रत्न दुनियेत फार थोड्या जागी मिळतं. मुंबई-पुणे रेल्वेसाठी बोरघाट फोडत होते तेव्हा, म्हणजे १८६३ साली तो मार्ग सुरू व्हायच्या आधीच्या वर्षांत, कातळातून असले कितीतरी घोस निघाले नि सातासमुद्रापार संग्रहालयांत जाऊन बसले. तुम्हाला तेवढं लांब जायला नको. सिन्नरला गारगोटी नावाचं संग्रहालय आहे. शिर्डीला जाता-येता वाकडी वाट करून अवश्य बघा.

तर हा आपला खडा. कोरडा ठणठणीत दिसतो ना? अहो, याच्या शंभर ग्रॅम वजनात जवळजवळ १८ ग्रॅम पाणी आहे! ओल लागत नाही, थेंब दिसत नाही, पण आहे. १७५६ साली स्वीडनमध्ये क्रॉनस्टेट नावाच्या खनिजतज्ज्ञानं असाच एक दगड घेतला. निकेल हा धातू जगाला दाखवून दिला तो हाच गृहस्थ. सोनार वापरतात तसल्या फुंकनळीनं त्यानं खड्यावर जाळ धरला, तर दगड फुगला, फसफसला, उकळ्या फुटल्यागत बुडबुडू लागला. दगड उकळताना कुणी पाहिला होता? पुढं १८४० मध्ये फ्रान्सच्या दामूरनं आणखी गंमत केली. त्यानं या जातीचे स्फटिक बेतानं तापवून पाणी घालवलं, आणि गार झाल्यावर ते हवेतलं पाणी पुन्हा पिऊन पूर्ववत झाले. ना तडा, ना चुरा.

हे जमतं कसं, तर याच्या बांधणीत. सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांची एक चौकट, आणि तिच्यात सर्वदूर एकसारखे बोळ नि खोल्या. मिलिमीटरचे दहा लाख भाग करा, त्यातल्या एका भागाहूनही हे बोळ अरुंद. त्यांत पाणी वस्तीला असतं, आणि सोबत सोडियम किंवा कॅल्शियम. चौकटीवर जो ऋणभार असतो तो भागवायला त्यांना तिथं बसावंच लागतं, मात्र जागा बदलायला त्यांची ना नसते. एसटीत दोन पोरं एका बाकावर बसलेली असावीत आणि एक भारदस्त मामा आले की दोघांनी उठून त्यांना जागा द्यावी, तसं दोन सोडियम बाहेर पडतात आणि एक कॅल्शियम आत बसतो.

याचा घरात उपयोग? तुमच्या आईला विचारा. बोअरचं पाणी जड असलं की साबणाला फेस येत नाही, बादलीत साका धरतो, आणि त्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही. हा सारा कॅल्शियम-मॅग्नेशियमचा उपद्व्याप. म्हणून कित्येक धुण्याच्या पावडरींत कारखान्यात घडवलेल्या झिओलाइटची पूड घालतात. ती कॅल्शियमला आत ओढते, सोडियम सोडते, आणि साबण मोकळा होतो. पूर्वी या कामी फॉस्फेट वापरत, पण ते नदी-तळ्यांत जाऊन शेवाळ माजायचं. ही पूड ते करत नाही, म्हणून मला तिचं फार कौतुक.

फ्रिजचा गॅस भरायला माणूस येतो तेव्हा त्याच्याजवळ उभे राहा. तो एक बोटाएवढी तांब्याची नळी बदलतो, तिला तो ड्रायर म्हणतो. गॅसमध्ये पाण्याचा अंश राहिला तर बारीक नळीत बर्फ धरून ती चोक होते, म्हणून ड्रायरमध्ये झिओलाइटच्या मातकट गोळ्या असतात, पाणी धरून ठेवायला. अशा कोऱ्या, कोरड्या गोळ्या वाटीत घालून वर चमचाभर पाणी ओतून पाहा, मोठं माणूस जवळ असताना. बारीक बुडबुडे सुटतात, सुर्र आवाज येतो आणि वाटी चांगली तापते. बोळांत दडलेली हवा पाणी हुसकावून लावतं आणि स्वतः आत घुसताना ऊब सोडतं. क्रॉनस्टेटनं ऊब देऊन पाणी काढलं, इथं पाणी देऊन ऊब निघाली.

आणि ते यंत्र आठवतंय का, २०२१ च्या त्या कोरोनाच्या वाईट दिवसांत कुणाकुणाच्या घरी खाटेशेजारी ठेवलेलं? घरघर चालायची आणि थोड्या थोड्या वेळानं फुस्स व्हायचं. त्या ऑक्सिजन कॉन्संट्रेटरच्या आत झिओलाइटचे खांब असतात. हवेत ७८ टक्के नायट्रोजन. दाब दिला की तो या गोळ्यांना चिकटून राहतो, आणि ऑक्सिजन पुढं निसटून नळीवाटे माणसाच्या नाकाशी जातो, नव्वद टक्क्यांच्या वर शुद्ध होऊन. खांब भरला की दाब काढून नायट्रोजन बाहेर सोडतात, तोच तो फुस्स. तोवर दुसरा खांब कामाला लागलेला असतो. दवाखान्यांच्या आवारात त्या साली ऑक्सिजनचे जे मोठे प्लांट उभे राहिले, तेही याच युक्तीवर चालतात. कितीजण त्या आवाजाच्या भरवशावर रात्र काढत होते, ते मी विसरायचा नाही.

आता तुम्ही म्हणाल, ही शहाणपणाची वस्तू अलीकडची. तर ऐका. मध्य अमेरिकेत ग्वातेमालाच्या जंगलात टिकाल नावाचं माया लोकांचं जुनं शहर आहे. तिथल्या एका तळ्याच्या गाळात संशोधकांना झिओलाइट आणि गारगोटीचे कण सापडले आणि २०२० मध्ये त्यांनी ते जाहीर केलं. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी त्या लोकांनी पिण्याचं पाणी या दोन दगडांच्या थरातून गाळून तळ्यात घेतलं होतं! शहरातल्या दुसऱ्या तळ्यांच्या गाळात पारा नि विषारी शेवाळाच्या खुणा मिळाल्या, या एका तळ्यात नाही. आसपास झिओलाइटचा दगड नव्हता. तीसेक किलोमीटरवरच्या एका डोंगरकडच्या खडकातून तो आणला असावा, आणि मायांकडं ना बैल ना गाडी, सगळं ओझं माणसाच्या पाठीवर. त्यांना बोळ ठाऊक नव्हते, सोडियम ठाऊक नव्हता. अभ्यासकांचा तर्क असा की त्या खडकातून झिरपणारं पाणी नितळ नि गोड लागतं, हे कुणीतरी ओंजळीनं पिऊन पाहिलं, गावात येऊन सांगितलं, आणि गावानं त्याचं म्हणणं मानलं.